नदीत उतरलेले औषध

उज्जैनला महाकालाचे दर्शन घेऊन ओंकारेश्वराकडे निघालेला गोमंतकीय यात्रेकरू इंदूर ओलांडून खंडव्याच्या रस्त्याला लागतो, तेव्हा घाट उतरण्यापूर्वी सिमरोल नावाचे गाव लागते. माळव्याच्या पठाराच्या दक्षिण कडेवरचे हे एके काळचे साधे खेडे. २००९ मध्ये स्थापन झालेल्या इंदूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा विस्तीर्ण परिसर आज तेथे उभा आहे. यात्रेकरूचे चित्त पुढच्या ज्योतिर्लिंगाकडे लागलेले असते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु पाण्याच्या वाटा कशा फुटतात हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने येथे क्षणभर थांबावे. घाट उतरला की पाणी चोरल नदीतून नर्मदेला मिळते आणि पश्चिमेस आपल्याच अरबी समुद्रात येते. मागे, उत्तरेच्या अंगास, इंदूरचे पाणी कान्ह नदीतून क्षिप्रेला, तेथून चंबळेला, यमुनेला आणि सरतेशेवटी गंगेला जाते.

निसर्गाची ही वाटणी माणसाने मोडली आहे. इंदूर शहर १९७८ पासून नर्मदेचे पाणी पिते. मंडलेश्वराजवळच्या जलूद येथून ते सुमारे सत्तर किलोमीटर दुरून पठारावर चढवून आणावे लागते. म्हणजे जे पाणी भडोचपाशी समुद्राला मिळावयाचे, ते इंदूरकरांच्या नळांतून घरांत, घरांतून गटारांत आणि गटारांतून कान्ह नदीत पडते व उज्जैनच्या अलीकडे त्रिवेणीपाशी क्षिप्रेत मिसळते. येताना ते गाळून, शुद्ध करून येते. जाताना त्याच्याबरोबर लक्षावधी माणसांच्या शहराने गिळलेली औषधे असतात. त्या औषधांपैकी प्रतिजैविकांचा विचार आज आम्हांस करावयाचा आहे. पोटात गेलेले प्रतिजैविक पुढे कोठे जाते, किती काळ टिकते, कशाने मोडते आणि मोडल्यावर मागे काय ठेवून जाते, हे प्रश्न वरकरणी रसायनशाळेतले वाटतात. वस्तुतः ते आपल्या घाटावरचे आणि आपल्या ताटातले आहेत.

या औषधांचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी देशात पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्याआधी साधी जखम चिघळून, बाळंतरोगाने वा फुप्फुसाच्या सुजेने घरातले माणूस डोळ्यांदेखत जाई, हे ज्यांनी वाडवडिलांच्या तोंडून ऐकले आहे त्यांना पेनिसिलिनची महती सांगावयास नको. प्रश्न आहे तो या औषधाचे काम शरीरात संपल्यावर त्याचे काय होते, हा.

सर्वसामान्य समजूत अशी की गोळी पोटात विरघळली की संपली. ती तशी संपत नाही. अमॉक्सिसिलिनचा निम्म्याहून अधिक भाग सहा-आठ तासांत लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. तोंडावाटे घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनचा ४० ते ५० टक्के भाग तसाच निघून जातो. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, जगातील माणसे वर्षाकाठी घेतात त्या प्रतिजैविकांपैकी सुमारे ८,५०० टन नद्यांत उतरतात आणि सुमारे ३,३०० टन समुद्रापर्यंत किंवा भूवेष्टित जलाशयांपर्यंत पोचतात. गुराढोरांना व कोंबड्यांना दिलेली औषधे यात धरलेली नाहीत. या दोन आकड्यांमधला जो फरक, म्हणजे पाच हजार टनांच्या वरची जी तूट, तिचा काही भाग वाटेत मोडतो व काही गाळात बसतो. सगळी गोम या तुटीत आहे.

प्रत्येक औषधाचा स्वभाव निराळा. पेनिसिलिन आणि त्याच्या गोत्रातील अमॉक्सिसिलिन यांच्या रेणूत चार अणूंचे एक ताणलेले कडे असते. त्यांचे सामर्थ्य त्या ताणात आहे आणि त्यांचे दौर्बल्यही तेथेच आहे. पाण्याच्या संगतीत ते कडे हळूहळू उलगडते, आणि जंतूंजवळ असलेले एक विकर तर ते पाहता पाहता फोडून टाकते. असे विकर जंतूंत असल्याचे एडवर्ड अब्राहम व अर्न्स्ट चेन यांनी १९४० मध्येच, म्हणजे पेनिसिलिन बाजारात येण्यापूर्वीच, नोंदवून ठेवले होते. त्यामुळे सर्वाधिक खपणारे हे औषध नदीत त्या मानाने कमी सापडते. सल्फा औषधांचे तसे नाही. सल्फामेथॉक्साझोल पाण्याने मोडत नाही, मातीला फारसे चिकटत नाही आणि पाण्याबरोबर झिरपत विहिरीपर्यंत जाऊ शकते. त्याचे आणखी एक वैशिष्ट्य मोठे नवलाचे आहे. शरीर या रेणूला एक शेपूट जोडून त्याला निष्प्रभ करते. मलशुद्धीकरण केंद्रातले जंतू ते शेपूट तोडतात आणि मूळ औषध पुन्हा उभे राहते. शुद्ध होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात हे औषध आत आलेल्या पाण्यापेक्षा कधी कधी अधिक आढळते, त्यामागे हे कारण असते.

सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन ही मंडळी संपूर्णतः मानवनिर्मित आहेत. पाणी त्यांना मोडू शकत नाही, पण ऊन मोडते. स्वच्छ, उथळ पाण्यात भर उन्हात काही तासांत त्यांचा जोर निम्म्यावर येतो. मात्र पाणी गढूळ असेल, वर जलपर्णीचा थर असेल वा औषध तळाच्या गाळात उतरले असेल, तर हाच काळ महिन्यांवर जातो. टेट्रासायक्लिनचेही थोड्याफार फरकाने असेच आहे. ही दोन्ही कुळे कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह असे काही दिसले की त्याला मिठी मारतात. या गोळ्या दुधाबरोबर घेऊ नयेत असे डॉक्टर बजावतात, ते दुधातील कॅल्शियमने औषध अडकून पडते म्हणून.

आणि येथे माळव्याची काळी माती आडवी येते. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी ही माती पापुद्र्यांच्या चिकणमातीची बनलेली आहे. त्या पापुद्र्यांत टेट्रासायक्लिन व सिप्रोफ्लॉक्सासिन शिरून बसतात. मग त्यांना ऊन लागत नाही आणि त्यांना खाऊन मोडणारे सूक्ष्म जीवही तेथवर सहजी पोचत नाहीत. चाचणीसाठी वरचे पाणी बाटलीत भरून नेले तर ते निर्दोष ठरते, कारण औषध तळाशी दडलेले असते. पूर आला, गाळ ढवळला किंवा पाण्याचा आंबटपणा बदलला की त्यातले काही पुन्हा मोकळे होते. कान्हचे पाणी काठच्या शेतांत उपसले जाते, तेव्हा औषधालाही मातीत मुक्कामाची जागा मिळते. आपल्या तांबड्या मातीने यावर समाधान मानू नये. जांभ्यातील लोहालाही या औषधांची अशीच ओढ आहे.

‘वाहते पाणी निर्मळ’ असे आपण पिढ्यान् पिढ्या म्हणत आलो. औषधाच्या रेणूपुरते पाहिले तर ते बरेचसे खरे आहे. ऊन, वारा, पाण्याची धार आणि असंख्य सूक्ष्म जीव मिळून आजचा रेणू उद्या-परवा मोडून टाकतील. अडचण अशी की उद्या सकाळी तेवढेच औषध पुन्हा नदीत येते. मोडण्याचा वेग आणि येण्याचा वेग सारखा झाला की मोडणारी वस्तूही न मोडणाऱ्या वस्तूसारखीच वागू लागते. पाऊस थांबला तरी पन्हाळ गळत राहावी तसा हा प्रकार नव्हे. येथे पाऊसच थांबत नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. जंतू ज्यायोगे औषधाला दाद देत नाहीत ते जनुक म्हणजे काही रेणूचा अवशेष नव्हे. ते स्वतःची प्रत काढते. एक जंतू ते दुसऱ्याला देतो, भिन्न जातीच्या जंतूलाही देतो; मेलेल्या जंतूच्या देहातून गळलेले जनुक जिवंत जंतू उचलून घेतो. ज्या चिकणमातीला औषध चिकटते तिलाच हे जनुकद्रव्यही चिकटून राहते. औषध मोडते, औषधाने जंतूंना दिलेली तालीम मोडत नाही. निर्मळपणाची आपली जुनी कसोटी नेमकी येथे अपुरी पडते.

इतक्या सूक्ष्म प्रमाणाने काय होणार, असा प्रश्न विचारला जातो आणि तो विचारण्याजोगा आहे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये त्याचे उत्तर दिले. जंतूला मारण्यास जेवढे औषध लागते त्याच्या दोनशेव्या भागाहूनही कमी प्रमाणात, औषधाला न जुमानणारे जंतू इतरांवर मात करू लागतात, असे त्यांना काही औषधांच्या बाबतीत दिसले. पुढे २०१६ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञांनीच सिप्रोफ्लॉक्सासिनसाठी दर लिटरला ६४ नॅनोग्रॅम ही सुरक्षिततेची मर्यादा सुचवली. हा आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून आम्ही साधा हिशेब करून पाहिला. ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीचा निम्मा भाग शरीराबाहेर पडला आणि वाटेत मोडला नाही, तर सुमारे ३९ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन पोचविण्यास तो पुरेसा आहे. ही झाली एक गोळी.

आता क्षिप्रेकडे वळू. इंदूरच्या आग्नेयेस उज्जैनी गावाजवळ उगम पावणाऱ्या या नदीत उन्हाळ्यात स्वतःचे पाणी फारसे राहत नाही, म्हणून २०१४ पासून नर्मदेचे पाणी उचलून तिच्या उगमापाशी सोडण्याची व्यवस्था झाली. उज्जैनच्या आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालयाने आणि स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेने मिळून या प्रदेशात गेली अनेक वर्षे चिकाटीने काम केले आहे. विशाल दिवाण, अशोक ताम्हणकर आणि त्यांचे सहकारी यांनी उज्जैन येथील रुग्णालयाच्या सांडपाण्यात प्रतिजैविके सापडल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध केले. औषधागणिक ते प्रमाण दर लिटरला एक-दीड मायक्रोग्रॅमपासून २३६ मायक्रोग्रॅमपर्यंत होते. पुढे याच मंडळींनी क्षिप्रेचे पाणी आणि तिचा गाळ ऋतुमानाप्रमाणे तपासला. त्यात सल्फामेथॉक्साझोलसारखी औषधे आणि औषधांना न जुमानणारे जंतू दोन्ही आढळले. जेथे लक्षावधी भाविक डोके बुडवितात आणि ओंजळभर पाणी तोंडात घेतात, तेथे ही तपासणी कोणीतरी केली, याबद्दल आपण कृतज्ञ असावयास हवे. नदीचे पावित्र्य प्रयोगशाळेत मोजण्याची वस्तू नव्हे हे आम्ही जाणतो. पण घाटावर स्नानास येणाऱ्या आजीच्या मूत्राशयात औषधाला न जुमानणारा जंतू शिरावा, ही गोष्ट श्रद्धेच्या आड दडविता येण्यासारखी नाही.

शासनाने केलेला उपाय मात्र पाहण्यासारखा आहे. २०१६ च्या सिंहस्थापूर्वी कान्हचे पाणी नळातून उज्जैनच्या घाटांना वळसा घालून खाली सोडण्यात आले. २०२८ च्या सिंहस्थासाठी याहून मोठी बंदिस्त वाहिनी हाती घेण्यात आली. घाट वाचले, पर्वणी साधली. खालच्या गावांचे काय? शिवाय बंदिस्त वाहिनीत ऊन नाही, म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिनला मोडणारी जी एक फुकटची शक्ती होती तीही आपण वाटेतून काढून घेतली. दृष्टीआड सृष्टी, यापलीकडे या योजनेत शुद्धीकरणाचा अंश नाही.

इंदूरला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. २०१७ पासून ओळीने सात वर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरलेले, सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठी २०२१ मध्ये देशातील पहिले ‘वॉटर प्लस’ शहर म्हणून गौरविले गेलेले असे हे गाव आहे. होळकरांच्या या नगरीविषयी मराठी माणसाला आपलेपणा आहेच. परंतु २०२५ च्या डिसेंबरअखेर याच शहराच्या भागीरथपुरा भागात पिण्याच्या पाण्यात मैला मिसळून लोक आजारी पडले व काहींचा बळी गेला, तेव्हा गटार आणि नळ यांत किती पातळ पडदा आहे हे उभ्या देशाला दिसले. उत्तम मलशुद्धीकरण केंद्र पाण्यातील सडणारे द्रव्य, गाळ आणि दुर्गंधी काढते; त्यासाठीच त्याची रचना असते. प्रतिजैविकाचा रेणू काढणे हे त्याचे काम नाही आणि तो किती उरला हे मोजणेही त्याच्या कामात येत नाही. उलट, औषध, मैला आणि नाना जातींचे जंतू यांचा असा घनिष्ठ सहवास दुसरीकडे क्वचितच घडत असेल.

कारखान्यांची गोष्ट याहून कठोर आहे. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे सुमारे नव्वद औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणारे पाणी जोआकिम लार्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. दर लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन त्यात आढळले. हे औषध घेत असलेल्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते. एका दिवसात वाहून जाणारे औषध सुमारे ४५ किलो, म्हणजे तेव्हाच्या नव्वद लाख वस्तीच्या स्वीडनला पाच दिवस पुरेल इतके. हे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर तेरा वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी नियमांचा मसुदा काढला आणि त्यात १२१ प्रतिजैविकांच्या मर्यादा घातल्या. जगात फारशा कोणी न टाकलेल्या या पावलाचे सर्वत्र स्वागत झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना निघाली तेव्हा ते कोष्टक तिच्यातून नाहीसे झालेले होते. उद्योगाचे म्हणणे असे होते की या मर्यादा व्यवहारात पाळता येण्यासारख्या नाहीत. तसे असेल तर मर्यादा सैल कराव्यात, मुदत वाढवून द्यावी, हे समजू शकते. कोष्टकच गाळण्याला आम्ही पळवाट म्हणू.

२०१९ मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट मृत्यू पावलेल्यांची संख्या जगभरात १२ लाख ७० हजार असल्याचा अंदाज ‘लॅन्सेट’ने २०२२ मध्ये छापला. मध्य प्रदेशने २०१९ मध्येच, केरळच्या पाठोपाठ, या विषयावर राज्याचा कृती आराखडा केला. आराखडा करणे सोपे. स्वित्झर्लंडने २०१६ पासून कायदा करून आपल्या सुमारे शंभर मोठ्या केंद्रांत ओझोन वा सक्रिय कोळशाची जोड देण्याचे ठरविले, आणि युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशात या जादा खर्चाचा निदान ८० टक्के वाटा औषधे व सौंदर्यप्रसाधने बनविणाऱ्यांवर टाकला. आपल्या नगरपालिकांना ओझोन परवडणार नाही हे उघड आहे. पण ऊन परवडते. उथळ तळी, शेवाळ, पाणवनस्पती आणि थांबून थांबून पुढे सरकणारे पाणी, अशा स्वस्त रचनेत कोणते औषध किती दिवसांत मोडते, काळ्या मातीत किती अडकते आणि जनुकांचे काय होते, याचे वर्षभराचे मोजमाप कोणीतरी आपल्या हवेत, आपल्या मातीवर करावयास हवे. सिमरोलच्या टेकाडावर जमीन आहे, ऊन आहे, शास्त्रज्ञ आहेत आणि पायथ्याशी दोन खोरी आहेत. अशा संस्थेने हा प्रश्न आपला म्हणून उचलावा, अशी अपेक्षा करणे वावगे ठरू नये.

आपल्या राज्याकडे आता येतो. गोव्यात औषधनिर्मिती हा मोठा उद्योग आहे. त्यातील बहुतेक कारखाने तयार द्रव्यापासून गोळ्या-कॅप्सूल बनवितात. मूळ द्रव्य घडविणाऱ्या कारखान्यांच्या मानाने त्यांच्या सांडपाण्याचा भार कमी असतो, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु आपली बहुसंख्य घरे अजून शोषखड्ड्यांवर चालतात आणि आपल्या विहिरी त्या खड्ड्यांच्या शेजारी आहेत. मातीला न चिकटणाऱ्या सल्फामेथॉक्साझोलला यापेक्षा सोयीची वाट कोणती? शिवाय आपल्या नद्या भरतीबरोबर उलट्या वाहतात. समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियम टेट्रासायक्लिनला धरून ठेवते, आणि युरोपातील मत्स्यशेतीच्या तळच्या गाळात ऑक्सिटेट्रासायक्लिन कित्येक महिने टिकल्याचे दाखले आहेत. खाजन शेतीच्या मानशीतून आत येणारे पाणी, त्यातली कोळंबी, खाडीतली तिसरी आणि खुबे, ही सारी त्या गाळातच वाढतात. शिंपल्या तर पाणी गाळूनच पोट भरतात.

उपायांपैकी काही गोष्टी कोणाच्या मंजुरीसाठी अडलेल्या नाहीत. २०१४ पासून अनेक प्रतिजैविके चिठ्ठीवाचून विकण्यास सक्त मनाई आहे. औषधविक्रेत्याने ती पाळावी आणि गिऱ्हाइकाने सर्दी-पडशासाठी अझिथ्रोमायसिन मागू नये. सर्दी विषाणूची, तिच्यावर हे औषध चालत नाही, फक्त संडासात जाते. उरलेल्या गोळ्या मोरीत ओतू नयेत. केरळने त्या घरोघरी गोळा करण्याचा कार्यक्रम सुरू केला आहे, तसा येथेही करता येईल. इस्पितळांच्या सांडपाण्यावर, ते सार्वजनिक गटारात मिसळण्यापूर्वीच, स्वतंत्र प्रक्रिया व्हावी.

राज्य सरकारकडे मात्र आमची एकच मागणी आहे. मांडवी, जुवारी आणि साळ या तीन नद्यांचे पाणी व गाळ वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्यात पाणी आटलेले असताना आणि एकदा पावसाळा सरल्यावर, प्रतिजैविकांसाठी व जंतूंच्या जनुकांसाठी तपासावा. १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावलला आहे. माणसे व उपकरणे शोधीत लांब जावे लागणार नाही. तपासणीचे आकडे दरवर्षी विधानसभेच्या पटलावर ठेवावेत आणि मासळी बाजारात लावावेत.